कारकुनाचे दोन्ही गाल

आमच्या घरात पुस्तकं पुष्कळ, पण त्यातलं एकही आमचं नाही, अशी तऱ्हा होती. बाबा पुस्तकं बांधायचे. लोणावळ्याला स्टेशनातून येणारा रस्ता बाजारपेठेला मिळतो तिथे त्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत बाबा, आई आणि मी असे तिघं राहायचो. बाबा मूळचे पुण्याचे. दम्यानं बेजार झाले तेव्हा वैद्यांनी हवा बदला म्हणून सांगितलं, म्हणून ते इथे आले. पावसाळा लागला तसा दमा दुप्पट झाला, पण तोवर गिऱ्हाईक जमलं होतं, म्हणून राहिले. रेल्वेची रजिस्टरं, शाळेची हजेरीबुकं, बंगलेवाल्यांची जाडजूड पुस्तकं आणि वाचनालयाच्या कादंबऱ्या, सगळं आमच्याकडे यायचं. दिवसभर हातोडीची ठकठक चाले आणि मधूनमधून स्टेशनातून इंजिनाची शिटी. घाट चढून आलेली गाडी थांबली की तिला मागून ढकलत आणलेलं इंजिन सुटं व्हायचं. त्याच्या सुटण्याच्या आवाजावर आई भाताचं आधण ठेवायची. घड्याळ दुकानात होतं, पण आईचा विश्वास इंजिनावर.

चुलीवर एका बाजूला पिठलं आणि दुसऱ्या बाजूला बांधणीची खळ, हे आमच्याकडचं नेहमीचं. दोन्ही पिवळट, दोन्ही रटरटणारी. एकदा बाबांनी कामाच्या नादात खळीची वाटी ओढून भाकरीबरोबर तीन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज मीठ कमी आहे." नशीब त्यात कसरीला मारायचा विषारी मोरचूद अजून पडायचा होता. तेव्हापासून आईनं खळीचं भांडं वेगळं केलं आणि त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली. आजही कुणाकडे पातळ पिठलं वाढलं गेलं की माझी नजर आधी भांड्याच्या कानाकडे जाते.

मी मराठी सात इयत्ता शिकून घरी बसलेली, सोळा वर्षांची, वाचनाची हावरट. पण माझं वाचन खळीच्या हातात होतं. पुस्तक दाबायच्या शिकंज्यातून सुटून गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंतच ते माझं. नव्या कादंबऱ्यांना तर मागणी अशी की खळ वाळते न वाळते तोच माणूस दारात. त्यामुळे माझ्या डोक्यात कितीतरी खून अर्धवट पडून होते. प्रेत सापडलेलं असे, दिवाणजींवर संशय असे, आणि तेवढ्यात पुस्तक निघून जाई. एका नायिकेला तर मी वाड्याच्या तळघरात कोंडलेली सोडली आहे, ती माझ्या लेखी अजून तिथेच आहे. याउलट वाचनालयातलं जुनं कपाट. त्यातल्या पोथ्यांना, जुन्या कवींच्या ग्रंथांना कसर लागली की बाबांकडे येत, आणि त्यांची वाट कुणीच बघत नसल्यामुळे महिनामहिना पडून राहत. मी अथपासून इतिपर्यंत वाचली ती फक्त ही पुस्तकं. मला जुन्यांची गोडी लागली ती काही संस्कारामुळे वगैरे नाही. त्यांना कुणी न्यायला येत नव्हतं म्हणून.

बाबांचं एक मत होतं. पुस्तक चांगलं की वाईट हे ते मजकुरावरून ठरवत नसत, पाठीवरून ठरवत. "पाठ निखळली म्हणजे लोकांनी प्रेम केलं," असं म्हणायचे. त्या हिशेबानं आमचं पोट नव्या कादंबऱ्यांवर चालायचं. जुन्या ग्रंथांना त्यांनी लाल खारव्याचं जाड कापड आणि कातडी पाठ घालून इतकी जीव ओतून बांधणी केलेली, की ते कपाटात नवरदेवासारखे उभे असत. "यांना कसर खाते, माणूस खात नाही," असं एकदा म्हणाले. हसत म्हणाले, पण मला ते लागलं, कारण बोलताना त्यांनी हातातल्या पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं होतं.

त्या वर्षी चैत्रात एका सकाळी वाचनालयाचे चिटणीस नानासाहेब दुकानात आले. रेल्वेत मोठ्या जागेवर काम करून सेवानिवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, काळी टोपी, आणि डाव्या गालावरून डोक्यापर्यंत बांधलेला रुमाल. रुमाल ही त्यांची कायमची खूण. दाढ दुखायची, पण पुण्याला जाऊन काढून घ्यायची म्हटलं की हा रेल्वेत जन्म काढलेला माणूस गाडीत चढायचा नाही. लवंगेचं तेल, ओव्याची पुरचुंडी, तुरटीच्या गुळण्या, सगळं झालं होतं. माणूस मोठा सज्जन, नवं ते सगळं वाचणारा. मुलींनी वाचनालयात यावं म्हणून त्यांनी स्वतः घरोघर फिरून आयांना समजावलं होतं. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द मी तेव्हा काढला नाही आणि आताही काढणार नाही. पण त्या दिवशी ते जे बोलले ते मला मुळीच रुचलं नाही.

"अप्पा, जुनं कपाट मोकळं करायचं ठरलंय," ते बाबांना म्हणाले. "नव्या पुस्तकांना जागा नाही. गुडदाणीवाल्या शेठना गूळ-दाण्याच्या वड्या बांधायला कागद हवाच आहे. तुम्ही फक्त पुठ्ठे सोडवून द्या. पुठ्ठे आणि कातडं तुम्हीच ठेवा."

बाबांची हातोडी थांबली. आपण बांधलेलं आता आपल्याच हातानं सोडवायचं होतं. मी आतल्या दाराशी उभी होते. मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये हे मला शिकवलेलं होतं, पण शिकवलेलं सगळं वेळेवर आठवतं असं नाही.

"नानासाहेब, ती पुस्तकं वाईट आहेत?"

"वाईट? छे छे! वंदनीय आहेत, मालू. पण वंदनीय वेगळं आणि वाचनीय वेगळं. तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आज कुणाला रडवील एक वेळ, पण हसवील? करमणूक करील? ते दिवस गेले. देव्हाऱ्यात ठेवायला कपाट कशाला अडवायचं?"

"मला हसू येतं ती वाचताना," मी म्हणाले.

हे धादांत खोटं होतं. मला त्यातल्या कथा आवडायच्या, शब्दांचा नाद आवडायचा, पण खळखळून हसू आलेलं मला एकदाही आठवत नव्हतं. नानासाहेबांनी रुमाल सारखा केला आणि माझ्याकडे जरा कौतुकानंच बघितलं.

"असं? मग ऐक. वैशाखात आपला वर्धापनदिन आहे. तिथे तू त्या कपाटातलं कुठलंही एक पान वाच. एक माणूस, एकच माणूस मनापासून हसला, तर कपाट जिथल्या तिथे राहील. पण विनोद समजावून सांगायचा नाही. समजावलेला विनोद म्हणजे उकळून ठेवलेला चहा. आणि आईबाप हसलेले धरणार नाही."

"कबूल," मी म्हणाले. ते गेल्यावर हातोडी पुन्हा उचलत बाबा एवढंच म्हणाले, "तोवर मी पुठ्ठे सोडवत नाही."

मग सुरू झाली माझी शोधाशोध. एकेक ग्रंथ दुकानात आणायचा आणि हसायची जागा हुडकायची. कुणाला असा उद्योग सांगू नये. हसायचं म्हणून वाचायला बसलं की हसू असं पळून जातं, की रडू जवळचं वाटायला लागतं. एक युद्धाचं आख्यान झालं, एक स्वयंवर झालं, एका राजाचं वनवासाला जाणं झालं. चैत्र संपत आला. शेवटी उरलं एक पातळसं पुस्तक. जुन्या पोथीवरून छापलेलं, कवीचं नाव नाही, कारण पोथीचं शेवटचं पानच हरवलेलं. पण कुणा विद्वानानं पानोपान बारीक अक्षरात टिपा दिलेल्या. त्यात एक प्रसंग होता. शहरातला एक कारकून डोंगरातल्या गावाची पाहणी करायला येतो. त्याची दाढ ठणकत असते. पहिल्या घरी तो धनी कुठे म्हणून विचारतो, तेव्हा घरधनीण उत्तर देते:

येरी म्हणे धनी गेले । दाढ भाजावया वहिले ।
ऐकोनि कारकुने धरिले । गाल दोन्ही ॥

येरी म्हणजे ती बाई आणि वहिले म्हणजे लवकर, एवढं मला कळत होतं. पुढे दुसऱ्या घरी विचारावं तर तेच उत्तर, तिसऱ्या घरी तेच. सगळं गाव दाढ भाजायला गेलेलं. शेवटी तो एका म्हातारीला भीत भीत विचारतो, बाई, फार दुखतं का हो? ती म्हणते, दुखायचं काय त्यात? जितकी जास्त भाजावी तितकं पीक जोरात. हे ऐकून कारकून तट्टावर बसून जो पळतो तो मागे बघत नाही. खाली टीप होती: "दाढ भाजणे, म्हणजे दंतरोगावर तापल्या लोखंडाचा डाग देण्याची पूर्वीची अघोरी रीत. पीक, म्हणजे येथे तोंडातील लाळ व रक्त." टीप वाचून माझ्या अंगावर काटा आला. हे वाचून कोण हसणार? नानासाहेबांसमोर तर हे वाचणंही क्रूरपणाचं. पण माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून मागल्या ओट्यावर बसून मी ते मोठ्यानं म्हणून बघत होते.

आम्हाला दूध कुरवंड्याच्या हौसामावशीचं. रोज सकाळी डोक्यावर चरवी घेऊन डोंगरातल्या पायवाटेनं ती उतरायची आणि बाजारात पाचसहा घरी रतीब घालून परत चढायची. वैशाखात दुधाबरोबर पळसाच्या द्रोणात करवंदं आणायची, खास माझ्यासाठी. उन्हानं रापलेली, सडसडीत, आणि बोलणं असं खणखणीत की आई म्हणायची, हिला हाक मारायला कुणी शिकवलंच नाही, ही जन्मतःच आरोळी मारत आली. त्या सकाळी ती आईच्या पातेल्यात माप ओतत होती आणि मी वाचत होते. मी म्हातारीच्या उत्तरापर्यंत आले, आणि धबाक्कन आवाज झाला. मापासकट दूध अंगणात, आणि मावशी भिंतीला टेकून पोट धरून हसतेय. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना.

"अगं, काय झालं?" आई धावली.

"म्हातारीनं... म्हातारीनं लय ब्येस सांगितलं!" मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आन त्या येड्यानं गाल धरला! आरं देवा!"

मला काहीच कळेना. मी टीप दाखवली, तापलेलं लोखंड वगैरे वाचून दाखवलं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विहिरीला तळं म्हटलं होतं.

"लोखंड कशाचं गं पोरी? दाढ म्हंजी भाताची दाढ! रोप कराया जागा न्हाई का करत? त्याच्यावर श्यान टाकायचं, पाला, काटक्या टाकायच्या, वर माती लोटायची आन मंग पेटवून द्यायची. झक्क भाजली की पाऊस पडल्यावर तिच्यात भात प्येरायचं. जितकी भाजंल तितकं पीक जोरात. खरंच हाय की त्ये!"

आम्ही पुण्याकडची माणसं. भात रोज ताटात यायचा, कामशेतच्या बाजारातला घमघमीत आंबेमोहोर, पण तो शेतात कसा होतो हे आम्हाला कुठे ठाऊक? चैत्र-वैशाखात डोंगरावरून धुराच्या रेघा निघायच्या त्या मी लहानपणापासून बघत होते, आणि त्या वणव्याच्या आहेत असं समजत होते. त्या विद्वानानंही तेच केलं होतं. तो पुस्तकात बसून अर्थ लावत होता आणि अर्थ कुरवंड्याला धुमसत होता. मी ओट्यावर बसल्या बसल्या हसायला लागले. हसता हसता मला कळलं की तो कारकून म्हणजे मीच, आणि ती टीप लिहिणाराही तोच कारकून. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्यासाठी हा खड्डा खणून ठेवला होता आणि आम्ही सगळे सरळ चालत जाऊन त्यात पडलो होतो. इतका आनंद मला त्यापूर्वी कधी झाला नव्हता. सांडलेल्या दुधाबद्दल आईनं मावशीला एक शब्द ऐकवला नाही, कारण आईसुद्धा पदर तोंडात धरून बसली होती.

"मावशी, येत्या रविवारी चार वाजता वाचनालयात ये. मी हे वाचणार आहे. तू हसलीस तरच ही पुस्तकं वाचतील, नाहीतर त्यांच्यात गुडदाणी बांधणार आहेत."

"यीन की. हसायचं काय पैसं पडत्यात?" ती म्हणाली. "पर औंदा आमची दाढ राहिलीया भाजायची. तेवढं उरकून येत्ये."

रविवारी चार वाजता वर्धापनदिनासाठी वाचनालयाचा दिवाणखाना भरला. पुढे खुर्च्यांवर रेल्वेतली बाबू मंडळी, डॉक्टर, व्यापारी, हवा खायला आलेले दोनचार मुंबईकर. बाजूला आम्हा बायकांसाठी चिकाचा पडदा होता, तो नानासाहेबांनी मुद्दाम गुंडाळून वर बांधला होता. मागे सतरंजीवर, एरवी तिथे न फिरकणारी माणसं: लाइनीवरचे गँगवाले, हमाल, बाजारातले माळवंवाले. पेढे वाटणार होते, म्हणून. गँगवाल्यांच्या पुढे त्यांचा मुकादम मांडी घालून बसला होता. नाणे मावळातला गडी, पांढऱ्या मिशा, लाल मुंडासं. मी डोळ्यांनी हौसामावशीला शोधलं. ती नव्हती. भाषणं झाली, अहवाल झाला, आणि नानासाहेबांनी रुमालाच्या आतून माझं नाव पुकारलं. आमची पैज त्यांनी सगळ्यांना सांगून टाकली. अगदी न्यायानं सांगितली, आणि खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "पान संपेपर्यंत," ते म्हणाले.

मी उभी राहिले. पुस्तक उघडून पहिली ओवी म्हटली. कारकून गावात शिरला. खुर्च्यांवरची मंडळी छताकडे बघायला लागली. "काय प्रौढ भाषा आहे!" असं कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, आणि मला ते शिवीसारखं ऐकू आलं. मी आशेनं मागे सतरंजीकडे बघितलं. ही तर मावळातली माणसं, यांना दाढ माहीत! पण बघते तर सगळ्यांनी हात जोडलेले. मुकादमानं तर डोळे मिटले होते. पोथी वाचतात म्हटल्यावर देवाचंच असणार, अशी त्यांची समजूत. मी "दाढ भाजावया" म्हणाले तशी मुकादमाची मिशी हलली. त्यानं एक डोळा उघडला, ओठ दाबले, आणि पोथी ऐकताना हसू आलं म्हणून दोन्ही कानांच्या पाळ्या धरून स्वतःच्या तोंडात हलकी चापट मारून घेतली. त्याला कळलं होतं! पण तो हसणार नव्हता. मला रडू फुटायचं बाकी होतं. पुढच्यांनी प्रौढ भाषा म्हणून त्या बिचाऱ्या कवीला मारलं होतं आणि मागच्यांनी हात जोडून. आयुष्यभर मी बघत आले आहे, जुन्या लेखकाला शत्रू दोनच, आणि दोघेही त्याच्याशी फार आदरानं वागतात.

दाराशी बाबा उभे होते. खळीनं भरलेले हात तसेच. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कारकून म्हातारीला विचारून मोकळा झाला होता, पानाच्या चार ओव्या उरल्या होत्या. मी मुद्दाम सावकाश वाचायला लागले, आणि त्याच वेळी दारात गडबड झाली. बाबांना बाजूला सारून हौसामावशी आत आली. काय तिचा अवतार! कपाळावर काजळी, केसांत राख, लुगड्याला धुराचा वास असा की पुढच्या रांगेतल्या मुंबईकरानं नाकाला रुमाल लावला. सभेत व्यत्यय आला म्हणून नानासाहेब वैतागले, पण चिटणिसाच्या सभ्यपणानं म्हणाले:

"बाई, सभा केव्हाच सुरू झाली. इतका वेळ कुठे होतात?"

"दाढ भाजाया गेलते, भाऊ," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली.

आणि नानासाहेबांनी दोन्ही हातांनी गाल धरले.

मुद्दाम नव्हे. त्यांच्या नकळत धरले. महिनोन्‌महिने ठणकणारी दाढ, कानावर पडलेला शब्द, आणि हात आपोआप वर गेले. ओवी अजून हवेत होती आणि कारकून आमच्यासमोर खुर्चीत बसला होता. मग सतरंजीवरून एक आवाज निघाला, इंजिनाची वाफ सुटावी तसा. मुकादम. मिटलेल्या ओठांतून आधी फुसकन, आणि मग तो जो हसत सुटला, मुंडासं सुटून गळ्यात आलं तरी थांबेना. त्याच्या मागोमाग गँगवाले, हमाल, माळवंवाले. पुढचे लोक माना वळवून "काय झालं, काय झालं?" म्हणून विचारत होते. समजावायची बंदी मला होती, मुकादमाला नव्हती. "आवो सायेब, दाढ म्हंजी दात न्हवं! भाताची दाढ! रोपाची!" एवढंच तो कसाबसा म्हणाला, आणि मग खुर्च्या हलायला लागल्या. डॉक्टर गुडघ्यावर थापा मारत होते. नाकाला रुमाल लावलेला मुंबईकर त्याच रुमालानं डोळे पुसत होता. बायकांत तर काही विचारू नका.

सगळ्यात शेवटी नानासाहेबांना उमगलं. त्यांनी आपल्या गालांवरच्या हातांकडे बघितलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं, आणि हसले. हसल्यानं दाढ ठणकली, म्हणून पुन्हा गाल धरले. गाल धरले म्हणून लोक पुन्हा हसले, आणि लोक हसले म्हणून ते पुन्हा. "आई गं... पुरे... हसवू नका रे..." असं ते कळवळून म्हणत होते आणि हसत होते. एकट्या मावशीला काय चाललंय ते कळेना. ती त्यांच्याजवळ जाऊन मोठ्या मायेनं म्हणाली, "भाऊ, लय दुकतंय का?" हे तर कारकुनाचंच वाक्य, फक्त उलट दिशेनं आलेलं. मुकादम ओरडला, "पोरी, फुडं वाच! म्हातारी काय म्हन्ती त्ये वाच!" आणि मी वाचलं. पीक जोरात, तट्टू, पळापळ, सगळं वाचलं. प्रत्येक ओवीला हशा पडत होता. हात कुणाचेच जोडलेले नव्हते. ते टाळ्या द्यायला मोकळे झाले होते. तीनशे वर्षं कपाटात आणि पोथीत गप्प बसलेला तो बिननावाचा माणूस त्या दिवाणखान्यात असा काही रंगात आला, की पेढे वाटायचे राहून गेले.

नानासाहेब उठले. घड्याळ खिशात टाकलं. "एक माणूस ठरला होता," ते म्हणाले. "मोजायचं मी सोडून देतो. कपाट राहील. आणि मालू, वंदनीय आणि वाचनीय वेगळं असं मी म्हणालो होतो, ते मी परत घेतो. माझ्या दाढेच्या साक्षीनं घेतो." पुढच्याच आठवड्यात पुण्याला जाऊन त्यांनी ती दाढ काढून घेतली. इतकं हसून झाल्यावर तिची भीती राहिली नाही, असं म्हणाले. घरी जाताना बाबांनी गुडदाणीवाल्याकडे थांबून माझ्यासाठी पुडी घेतली, आणि पुडीचा कागद उलटसुलट करून नीट बघितला. जुनं वर्तमानपत्र होतं. मग त्यांनी ती मला दिली.

माझी नात परवा विचारत होती, आजी, तुला ते जुने लोक खरंच आवडतात, की आदर म्हणून म्हणतेस? मी तिला हीच गोष्ट सांगितली. वर्ष पुरं व्हायच्या आत ते पातळ पुस्तक वाचनालयातून आमच्या दुकानात आलं होतं. पानं मळलेली, कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाचा डाग, आणि पाठ साफ निखळलेली. बाबांनी ते उजेडात धरलं, निखळलेल्या पाठीवरून बोट फिरवलं आणि आईला हाक मारली, "अगं, बघ तरी! काय फाडलंय लोकांनी!" एवढ्या आनंदानं फाटक्या पुस्तकाकडे बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलंच. सभा संपल्यावर मी मावशीला कुरवंड्याच्या वाटेला लावून द्यायला गेले. उन्हं कलली होती, डोंगरावर तिच्या दाढेचा धूर अजून सरळ वर चढत होता. वाटेवर ती थांबली.

"पोरी, त्यो लिवनारा कुटला गं? आमच्याच अंगाचा दिसतोय. येकदा घिऊन ये घरी, च्या पाजीन त्येला."

"मावशी, तो नाही आता. तीनशे वर्षं झाली त्याला जाऊन."

मी तिची थट्टा करते आहे असं वाटून तिनं माझ्या पाठीत हलका धपाटा घातला.

"चल! गेलाय म्हनं," मावशी म्हणाली. "मंग आत्ता आमाला हसवलं कुनी?"